पाठमोरे तात्या

माझं वाक्य पुरं करायची लोकांना आता पुन्हा घाई व्हायला लागली आहे. सांगलीच्या या घरात मी सकाळी खुर्चीत बसून "अगं, जरा ते..." एवढं म्हणते आणि आठवायला थांबते, तोवर सून चष्मा, पेपर, गोळी, पाणी अशी चार नावं घेऊन मोकळी होते. बिचारी मायेनंच करते. मी त्या चारांतलं एखादं घेऊन गप्प बसते, कारण मला हवं असतं ते पाचवंच काहीतरी आणि ते सांगायची ताकद उरलेली नसते. दुपारनंतर जीभ जड होते. थकले की जुनं अडखळणं परत येतं आणि आल्यावर लवकर जात नाही. अशा वेळी मला तात्यांची पाठ आठवते. चेहऱ्याआधी पाठच आठवते, आणि तसं का, हे लिहून ठेवावं असं बरीच वर्षं मनात होतं.

आमचं गाव आष्ट्यापासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठचं. घर कौलारू, पुढं सोपा, मध्ये माजघर, सोप्यासमोर अंगणापलीकडं गोठा आणि गोठ्याला लागून मळा. घरात आई, आबा, मी आणि धाकटा शिवा. पहाटे आईच्या जात्याची घरघर सुरू व्हायची, ती थांबली की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि मग विहिरीवरच्या मोटेचं चाक जे करकरायला लागायचं ते दुपारपर्यंत. आबा त्या चाकाला वंगण जरा कमीच घालत. चाक वाजत असलं म्हणजे आईला घरात कळायचं की मोट चालू आहे, भाकरी पाठवायला अजून वेळ आहे. चाक थांबलं की आई तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायची, फडक्यात चार भाकऱ्या, खरडा, कांदा बांधायची, ताकाचं गाडगं माझ्या हातात द्यायची आणि मी मळ्याकडं निघायची. त्या घरात चाकालासुद्धा आवाज होता. मला नव्हता.

माझं नाव पार्वती, घरात पारू. हे नाव ठेवणाऱ्यानं माझ्यावर सूड उगवला असं मला बरीच वर्षं वाटायचं, कारण 'प' वर माझी जीभ एकदा अडली की सुटायचीच नाही. ओठ मिटून राहायचे, मान ताणली जायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि समोरचा माणूस "पारू व्हय गं?" म्हणून माझं नाव मलाच सांगून मोकळा व्हायचा. 'क', 'त', 'म' यांचीही तीच तऱ्हा. शाळेतली पोरं मला पपई म्हणत. आईनं वेखंड उगाळून मधातून चाटवलं, पोपटानं टोचलेले पेरू हुडकून खायला घातले, नागपंचमीला शिराळ्याला जाऊन नवस बोलली. यातले पेरू तेवढे मला आवडले. बाकी उतार काही पडला नाही, आणि मग घरानं मायेनं माझं बोलणं आपल्याच अंगावर घेतलं. मी पहिलं अक्षर काढायचा अवकाश, आई उरलेलं वाक्य बोलून टाकायची. शिवासुद्धा, जो माझ्याहून चार वर्षांनी लहान, तोही माझ्या वतीनं बोलायचा. हळूहळू मी अक्षरही काढेनाशी झाले. नुसती बोट दाखवायची.

तात्या आले तेव्हा मी चौथीत होते. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ. मिसरूड फुटायच्या आत पलटणीत गेले आणि लढाई संपल्यावर हवालदाराची पेन्शन घेऊन परत आले. ते खेचरांच्या पलटणीत होते. डोंगरात, रानात, जिथं गाडी जात नाही तिथं धान्य आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून न्यायचा, हे त्यांचं काम. गावानं त्यांना हार घातला, दोन दिवस आमच्या सोप्यात माणसांनी दाटी केली आणि किती दुश्मन मारले ते विचारलं. तात्या म्हणाले, "मी खेचरं वढली." तिसऱ्या दिवशी सोपा रिकामा झाला. चुलती, तात्या ब्रह्मदेशात असताना, तापानं गेली होती. ते पत्र त्यांना चार महिन्यांनी मिळालं होतं. मूलबाळ नव्हतं. माजघरातली त्यांची खोली आईनं सारवून ठेवली होती, पण ते सोप्यातच झोपत. भिंतींच्या आत झोप लागत नाही म्हणाले.

दिवस उगवायच्या आत त्यांचं सगळं आवरलेलं असायचं. कांबळं घडी करून, कडेला कड जुळवून, उशाशी ठेवलेलं. दाढी झालेली. खाकी सदरा अंगात, तो खांद्यांवर उन्हानं विटलेला. आणि मग अख्खा दिवस पुढं पडलेला असायचा आणि त्यांना करण्यासारखं त्यात काही नसायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मोट धरून पाहिली. बैलांना ते "चल बेटा, शाबास" म्हणायला लागले. हौश्या आणि चिमण्या ही आमची बैलं आबांच्या शिव्यांवर वाढलेली. ती मान वळवून त्यांच्याकडं बघत उभी राहिली. आबांनी हसू दाबलं आणि कासरा हातातून घेत म्हणाले, "तात्या, तुमी बसा आता. लय राबलासा." त्यात काही वावगं नव्हतं. पण तात्या बसले ते बसलेच. आईही बसा म्हणायची, शेजारचे बसा म्हणायचे. थकलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवलं की त्याचा थकवा वाढतो, हे मला माझ्या निवृत्तीनंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की सोप्यातल्या खांबाला टेकून एक मोठा माणूस दिवसेंदिवस लहान होत चालला आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. दिवस मावळताना आई ताटं मांडायची. तात्या ताटावर बसायचे, पण हात लावायचे नाहीत. आधी विचारायचे, "बैलं सोडली?" आबा म्हणायचे, "सोडली." मग, "पानी दावलं?" "दावलं." त्यानंतर भाकरीचा तुकडा मोडायचे. पलटणीचा कायदा होता, जनावराच्या आधी माणसानं खायचं नाही. बैलं समोर गोठ्यात रवंथ करताना दिसत असली तरी विचारायचेच. आईला त्याची गंमत वाटायची. आबांना थोडा राग यायचा, कारण त्यांनी आयुष्यात कधी बैलं उपाशी ठेवली नव्हती.

दिवाळीच्या सुमाराला मास्तर घरी आले आणि सोप्यात बसून आबांना म्हणाले, "फाल्गुनात शाळा तपासायला डिप्टीसाहेब यायचेत. तोंडी परीक्षा घेतात. पोरगी लिहिण्यात हुशार आहे, पण बोललीच नाही तर पास कसं म्हणायचं?" आबा म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. चौथीपत्तर झालं त्येच लय झालं." मी माजघराच्या दाराआड उभी होते. चौथीनंतरची शाळा आष्ट्याला होती. आष्ट्याच्या बाजारात मी एकदा तिथल्या मास्तरीणबाईंना पाहिलं होतं. पांढरं लुगडं, हातात छत्री, आणि त्या दुकानदाराशी बोलत होत्या. सावकाश बोलत होत्या आणि तो दुकानदार त्यांचं होईपर्यंत हातात तागडी धरून थांबला होता. मला त्या बाईंसारखं व्हायचं होतं. कुणीतरी असं थांबावं, एवढीच माझी इच्छा होती, पण ती सांगायची तर बोलायला हवं होतं.

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी भाकरी घेऊन मळ्यात गेले. आबा जेवून बांधावरच्या जांभळीखाली आडवे झाले आणि मी बैलांपुढं वैरण टाकायला गेले. बैलांशी मी बोलायची. त्यांच्यापुढं जीभ अडायची नाही. का ते देवाला ठाऊक. त्या दिवशी मनात सगळं दाटलेलं होतं, म्हणून मी हौश्याला धारेवर धरलं. कामचुकार आहेस, चिमण्यावर सगळा भार टाकतोस, तुला काय, तुझी कोण परीक्षा घेणार आहे, असं बरंच काही एका दमात बोलले. मागं वळले तर धावेच्या टोकाला, जिथून मोटेची बैलं उताराला लागतात तिथं, तात्या उभे. ते तसेच माघारी फिरले. दोन दिवसांनी ते पुन्हा त्याच वेळी मळ्यात आले आणि दगडावर बसून म्हणाले, "पारू, हौश्याला त्या दिशी काय म्हनत हुतीस गं?"

माझी मान ताणली गेली. 'क' घशात बसला. तात्यांनी एकदाच माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि उठले. मला वाटलं, कंटाळले, निघाले. पण ते दोन पावलं पुढं जाऊन, माझ्याकडं पाठ करून, नदीकडं बघत उभे राहिले. हात मागं बांधलेले, पाय किंचित फाकलेले. हलेनात. बोलेनात. नदीवर कुणीतरी धुणं धूत होतं, त्याचा आवाज येत होता. मी वाट बघितली की आता ते म्हणतील, "कामचुकार व्हय?" ते म्हणाले नाहीत. मग कितीतरी वेळानं माझ्या तोंडून "कामचुकार" बाहेर पडलं, तीन तुकड्यांत. तात्या न वळता म्हणाले, "बरोबर हाय. आन चिमण्याला?"

पुढं महिनाभर रोज दुपारी हेच. ते विचारायचे आणि पाठ करायचे. मी बोलायची, तुकड्या-तुकड्यांत, घाम येईपर्यंत. पुढं एकदा मी त्यांना असं पाठ का करता विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, "खेचर पुलावर अडलं की नवा गडी फुडनं दोर वढतो, मागनं फटकं मारतो. त्येच्या डोळ्यांत डोळं घालून बघतो. खेचर आनखी घट्ट हुतं. आपन दोर सैल सोडायचा, त्येच्याकडं पाठ करायची आन फुडं कायतरी बघत हुबं ऱ्हायाचं. आपल्याला कुटं घाई हाय? मंग येतंय त्ये. त्येच्या त्येच्या येळंनं येतंय." मला खेचर म्हटल्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आमच्या घरात तात्यांच्या तोंडून एवढं बोलणं कुणीच ऐकलं नव्हतं, आणि ते मला ऐकायला मिळालं होतं, याचाच मला तोरा होता.

संक्रांतीपर्यंत मी त्यांच्याशी पुष्कळ बोलायला लागले. अडायची, पण बोलायची. तात्यांत फरक पडला होता. ते दुपारची वाट बघायचे. आईकडून ताकाचं गाडगं स्वतः घ्यायचे. एकदा आईनं मला हळूच सांगितलं, "आज तात्यांनी मागून भाकर घेतली बग." पण फाल्गुन जवळ येत होता, आणि आता मला वाटतं, तिथंच त्यांचा तोल गेला. त्यांना घाई झाली. मी सगळ्यांसमोर, न अडखळता बोलून दाखवावं असं त्यांच्या मनानं घेतलं. पलटणीत त्यांनी पाहिलं होतं की साहेबापुढं बोबडी वळणारा नवा गडीसुद्धा परेडीवर पोटातून आवाज काढला की अडत नाही. मग ते मला धावेवर उभं करायचे. टाचा जुळवायच्या, छाती पुढं, नजर समोर, श्वास पोटात, आणि पाऊल आपटल्याबरोबर आवाज सोडायचा. आणि खरंच, तसं ओरडलं की जीभ अडायची नाही. पहिल्या दिवशी माझं नाव एका दमात बाहेर पडलं आणि नदीच्या पलीकडच्या थडीवरून परत आलं. जांभळीखाली झोपलेले आबा दचकून उठले. तात्या हसले. ते हसताना मी प्रथमच पाहिलं आणि त्या हसण्यासाठी मी रोज दुप्पट ओरडायला लागले.

डिप्टीसाहेब आले त्या दिवशी शाळा सारवलेली होती, मास्तरांनी कोट घातला होता, आणि तात्या शाळेबाहेर लिंबाच्या पारावर येऊन बसले होते. साहेबांनी माझा नंबर आल्यावर वहीतून मान न काढता विचारलं, "नाव काय तुझं?" मी उठले. टाचा जुळवल्या. पाऊल आपटलं. आणि तात्यांनी शिकवलं होतं तसं, पोटातून, नाव, बापाचं नाव, इयत्ता आणि शेवटी "हाजिर, साब!" असं सोडलं. आढ्यातली कबुतरं उडाली. साहेबांच्या हातातली टाकाची लेखणी वहीवर घसरून भला मोठा डाग पडला. पोरं अशी हसली की मास्तरांना छडी उगारावी लागली.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ही शाळा आहे बाळ, पलटण नाही. बस. बसून, हळू सांग. कृष्णा नदी कुठं उगम पावते?" मला येत होतं. पण हळू बोलायला तात्यांनी परेड शिकवली नव्हती. पलटणीत हळू बोलायची परेडच नसते. मी बसले, छाती पुढं काढायला जागा नव्हती, पाऊल आपटता येत नव्हतं, आणि महाबळेश्वरचा 'म' ओठांत मिटून बसला तो सुटेना. साहेब माझ्या तोंडाकडं बघत होते. सगळी शाळा माझ्या तोंडाकडं बघत होती. शेवटी मास्तरच म्हणाले, "महाबळेश्वर, साहेब. येतं तिला, बोलता येत नाही." साहेबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मास्तरांना म्हणाले, "गरीब पोर आहे. कशाला छळता तिला?" वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराला उठवलं. मी खिडकीतून पाहिलं, तर पार रिकामा होता.

गावात दोन दिवस तोच विषय. पोरं मला पाहिलं की टाचा जुळवून सलाम करायची. आबा तात्यांना काही बोलले नाहीत, पण आईला ऐकू जाईल आणि तात्यांनाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "पोरीला पलटनीत घालायची हुती काय?" तात्या मळ्यात यायचे बंद झाले. सोप्यातल्या खांबालाही टेकून बसेनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. कांबळ्याची घडी विसकटलेली. संध्याकाळी बैलांचं तेवढं विचारायचे आणि अर्धी भाकरी खाऊन उठायचे. मला माझ्या शाळेपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. मी ओरडले नसते तर हे झालं नसतं, असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही आला होता, कारण त्यांनीच ओरडायला शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात शेण भरत होते. तात्या बैलांना पाणी दाखवायला आले आणि बादली ठेवून तिथंच खाली बसले. माझ्याकडं न बघता, हौश्याच्या खुरांकडं बघत बोलायला लागले. "ब्रह्मदेशात रानात शिरायच्या आदी हुकूम आला. खेचरं वरडली तर दुश्मनाला ठिकाना कळंल, म्हनून त्येंचा आवाज काढून टाकायचा. डाक्टर सुई टोचायचा, खेचर आडवं पडायचं, मंग गळ्यात हत्यार घालून कापायचा. डोकी मी धरायचो. माज्या हातानं वाढवलेली खेचरं, पारू. मी धरलं की गप पडायची, म्हनून मलाच बोलवायचे. नंतर ती मान ताणायची, तोंड उघडायची, आन नुसता वारा यायचा. सकाळी चंदी-चाऱ्याच्या वक्ताला समदी लाईन तोंडं उघडून हुबी, आन आवाज न्हाई." त्यांनी बादली हौश्याच्या तोंडाशी सरकवली. मग म्हणाले, "तुजं तोंड बघितलं आन मला त्येच दिसलं. मला वाटलं, येक तरी आवाज परत द्यावा. मी पाठ करून हुबा ऱ्हात हुतो तवर बरं चाललं हुतं. मंग मीच दोर वढला."

मी हात धुतले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि दोघं बैलांचं पाणी पिणं बघत राहिलो.

त्याच दिवशी, दिवस मावळताना, आबा जेवायला बसता बसता म्हणाले, "पारूची पाटी शिवाला द्या. ती उद्यापास्नं मळ्यात येऊ दे, ऊस खुरपायचा हाय." आई चुलीपुढं होती, तिच्या एका हातात भाकरीचा उंडा. तात्यांनी नुकतंच बैलांचं विचारलं होतं आणि तुकडा मोडला होता. मी उभी राहिले. टाचा जुळवल्या नाहीत. "म..." एवढंच आलं. मान ताणली गेली. आबा म्हणाले, "मळ्यात न्हाई जायाचं व्हय?" आई म्हणाली, "मास्तरांची भीती वाटत असंल तिला." तेवढ्यात तात्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि डावा हात वर केला. आवाज चढवला नाही. "दोगंबी गप बसा. तिचं ती बोलंल." थोरलेपणा त्यांनी त्या घरात कधी दाखवला नव्हता. तात्या पाटावरच वळले आणि माझ्याकडं पाठ करून, दाराबाहेर बघत बसले. मग आबांना म्हणाले, "ज्ञानू, तूबी वळ." आबांनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तोंडातला घास तसाच धरून वळले. आई चुलीकडं वळली. शिवा आमच्या सगळ्यांकडं बघून, आपल्याला कुणी सांगितलं नाही म्हणून, आपणहून भिंतीकडं तोंड करून बसला.

घरात माझ्यासमोर नुसत्या पाठी होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिचा वास सगळ्यांना आला, पण आई हलली नाही. मी म्हणाले, "मला." मग खूप वेळानं म्हणाले, "शाळंत." मग 'जायाचंय' हा शब्द सुटायला किती वेळ लागला कोण जाणे, शिवा पुढं सांगायचा की त्याच्या पायाला मुंग्या आल्या. आणि ते झाल्यावर मी थांबले नाही. आष्ट्याच्या शाळेत जायचंय, मास्तरीण व्हायचंय, साहेबांनी विचारलेलं मला येत होतं, कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते, हे सगळं मी सांगितलं. एकही शब्द धड आला नाही. प्रत्येक शब्द अडला आणि प्रत्येक शब्द मीच पुरा केला. माझं बोलून झालं हे कळायलाही त्यांना वेळ लागला. मग आबा तसेच पाठमोरे म्हणाले, "दोन कोस चालायचं. नेनार कोन रोज?"

"मी हाय की," तात्या म्हणाले. "पेन्शनीत आल्यापास्नं बिनकामाचा हुतो. आता ड्युटी लागली."

दुसऱ्या दिवशी तात्या मला घेऊन मास्तरांच्या घरी गेले. मास्तरांना म्हणाले, "तिला परत इचारा. फकस्त इचारल्यावर थांबा." मास्तर भले होते. त्यांनी तोंडी परीक्षा पुन्हा घेतली. सकाळी सुरू केली ती संपायला त्यांच्या आंघोळीची वेळ टळली. डिप्टीसाहेबांना त्यांनी काय कळवलं ते मला माहीत नाही, पण मृगाच्या तोंडाला माझं नाव आष्ट्याच्या शाळेच्या पटावर चढलं. तीन वर्षं तात्यांनी मला पोचवलं आणि आणलं. मी वर्गात असेपर्यंत ते बाहेर बसायचे, आणि तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या जनावरांचे खूर बघून द्यायचे. हळूहळू लोक आजारी बैल मुद्दाम त्यांच्याकडं आणायला लागले. वाटेनं ते माझ्या दोन पावलं पुढं चालायचे. मी मागून बोलत राहायची आणि ते मागं वळून बघायचे नाहीत.

माझं अडखळणं गेलं नाही. कमी झालं. ते घेऊनच मी मास्तरीण झाले, ते घेऊनच तीस वर्षं पोरांना शिकवलं. वर्गात एखादं पोर उत्तर देताना अडलं की मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायची. नव्या बाईंना वाटायचं, ही म्हातारी विसरली काय.

मी लोणंदच्या शाळेत असताना शिवाची तार आली की तात्यांना अर्धांगाचा झटका आला आहे, वाचा गेली आहे, आणि तीन दिवस झाले, पोटात अन्न नाही. मी मिळेल त्या गाडीनं निघाले. पोचले तेव्हा दिवस मावळत आला होता. तात्यांना सोप्यातच ठेवलं होतं. आई उशाशी हुलग्याच्या पातळ माडग्याची वाटी घेऊन बसली होती. चमचा ओठांशी नेला की तात्या दात घट्ट मिटायचे. एका बाजूचा ओठ थरथरायचा, घशातून काहीतरी घरघरायचं, आणि लगेच शिवा म्हणायचा, "पानी पायजे?" आई म्हणायची, "दुखतंय व्हय?" शेजारची कुणीतरी म्हणायची, "त्येंची जायाची इच्छा हाय आता, खाऊ घालू नगा." तात्यांचे डोळे एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर फिरत होते. मान ताणलेली. ती मान मला ओळखीची होती.

मी आईच्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाले, "सगळी आत जा." मग तात्यांच्या खाटेकडं पाठ करून, अंगणाकडं तोंड करून सोप्याच्या पायरीवर बसले. समोर गोठा होता. विहिरीवर इंजिन येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मोट मोडीत गेली होती, दावणीला बैल नव्हता, गोठ्यात सरपण रचलेलं होतं. मी त्याच्याकडं बघत राहिले. वाटीतलं माडगं निवलं, त्यावर साय धरली. मागं घरघर सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली. मी वळले नाही. मला फार दमायला झालं होतं आणि मला कुठंही जायचं नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मागून, तुकड्या-तुकड्यांत, आवाज आला. "बैलं... सोडली?"

"सोडली, तात्या," मी म्हणाले. "पानीबी दावलंय."

मग मी वळले, चमचा ओठांशी नेला, आणि त्यांनी तोंड उघडलं.